जीपीएस आहे, मग नेव्हिगेशन कशाला शिकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघं मित्र, तीस फुटी शिडाची बोट, खाडीच्या आत काढलेले दोन मोसम. शिडं चढवणं-उतरवणं, वाऱ्यावर बोट वळवणं, नांगर टाकणं हे सगळं जमतं. आता ११० सागरी मैलांवरच्या बंदरात जायचं आहे, म्हणजे एक अख्खी रात्र समुद्रावर. बोटीवर चार्टप्लॉटर (जीपीएसने काढलेली जागा सागरी नकाशावर दाखवणारा पडदा) आहे आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये नकाशाचं ॲप आहे. सागरी नकाशावर पेन्सिल चौघांपैकी कुणीच चालवलेली नाही, भरतीची कोष्टकं कुणी उघडलेली नाहीत. ते वाटेत जमेल असं वाटतं. एवढ्यावर निघावं का?

आत्ता निघू नका. सफर रद्द करा असं मी म्हणत नाही, काही आठवडे पुढे ढकला. नवशिक्यांना किनाऱ्यालगत रस्ता काढायला शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुमच्यासारखे लोक मला मनापासून आवडतात, कारण तुम्ही निघण्याआधी विचारलंत. म्हणूनच नुसतं ‘नका जाऊ’ सांगून थांबत नाही. काय कमी आहे आणि ते कसं भरून काढायचं, ते सविस्तर लिहितो.

जीपीएस एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: आत्ता आपण कुठे आहोत? हे उत्तर तो बहुतेक वेळा फार चांगलं देतो, आणि मी स्वतः त्याच्याशिवाय जात नाही. पण बोटीचा घात होतो तो दुसऱ्याच प्रश्नांवर. तासाभराने तळाखाली किती पाणी असेल? प्रवाह आपल्याला कुठे ढकलतो आहे? समोरचा दिवा कोणाचा? आणि पडद्यावरचा ठिपका चुकीचा असेल तर ते कशावरून कळेल? या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवणं म्हणजे नेव्हिगेशन. त्यातलं बरंचसं काम जमिनीवर, टेबलापाशी, डोकं शांत असताना करायचं असतं. पहाटे तीनला बोट हेलकावत असताना, मळमळत असताना, केबिनमध्ये खाली वाकून कोष्टक वाचायला शिकणं कुणालाच जमत नाही. ‘वाटेत शिकू’ ही तुमच्या बेतातली सर्वात धोक्याची गोष्ट आहे, बोट किंवा अंतर नव्हे.

तुमचीच सफर उदाहरणाला घेऊ. सरासरी वेग ५ नॉट, म्हणजे तासाला ५ सागरी मैल धरा. ११० मैलांना २२ तास लागतील. सकाळी ८ला निघालात तर दुसऱ्या दिवशी सकाळी ६ला पोहोचाल. समजा त्या बंदराच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे आणि नकाशावर तिथे १.२ मीटर खोली छापली आहे. तुमचा कील (बोटीच्या तळाचं खाली उतरलेलं पातं) पाण्याखाली १.५ मीटर जातो असं धरू. चार्टप्लॉटरवर सरळ रेष मारली की ती या पट्ट्यावरून जाईल आणि पोहोचण्याची वेळही दिसेल. आत शिरता येईल की नाही, हे ती रेष सांगत नाही.

नकाशावर छापलेली खोली म्हणजे तिथे नेहमी असणारं पाणी नव्हे. ती चार्ट डेटम नावाच्या पातळीपासून मोजलेली असते आणि बहुतेक नकाशांवर ही पातळी नीचतम ओहोटीच्या आसपास धरलेली असते. तिच्यावर किती पाणी चढलेलं आहे ते भरतीच्या कोष्टकातून काढायचं. समजा ६ वाजता ओहोटी पुरती झालेली आहे आणि पाणी डेटमच्या वर ०.४ मीटर आहे. पट्ट्यावर १.६ मीटर पाणी झालं, म्हणजे कीलखाली १० सेंटीमीटर. अर्ध्या मीटरची लाट असली तरी तिच्या दरीत उतरताना बोट तळावर आपटेल. आणि हे १० सेंटीमीटरही भरवशाचे नाहीत. कोष्टकं सरासरी हवेचा दाब धरून केलेली असतात. दाब १ हेक्टोपास्कलने वाढला की पाणी साधारण १ सेंटीमीटरने खाली बसतं. दाब सरासरीपेक्षा १५ हेक्टोपास्कलने जास्त असलेली स्वच्छ, शांत सकाळ उजाडली, तर कोष्टकाप्रमाणे तरंगणारी बोट प्रत्यक्षात वाळूत रुतलेली असेल.

आता भरती मोजा. ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी ३ मीटर चढतं असं धरू. दिवसात दोन भरत्या नियमित येतात अशा ठिकाणी बारा भागांचा हिशोब चालतो: सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढाचा एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे पहिल्या तासात पाणी जेमतेम पाव मीटर वाढेल, पण तीन तासांत दीड मीटर चढलेलं असेल. ९ वाजता पट्ट्यावर ३.१ मीटर पाणी मिळेल. अजून भरतीच चालू असल्यामुळे बोट टेकलीच, तर वाढतं पाणी ती उचलेल. उतरत्या पाण्यात टेकलात तर पुढचे कित्येक तास तिथेच कलंडून पडाल. तेव्हा ९ला पोहोचायचं, आणि त्यासाठी सकाळी ११ला निघायचं. निघण्याची वेळ नेहमी अशी पोहोचण्याच्या वेळेवरून मागे मोजत ठरवतात. ‘सकाळी लवकर निघू’ हा बेत नव्हे.

हा हिशोब सगळीकडे चालत नाही, हेही लक्षात ठेवा. काही किनाऱ्यांवर दिवसात एकच भरती येते. साउदॅम्प्टनसारख्या बंदरात भरतीचं पाणी दोनदा माथ्याला येतं. तुमच्या ठिकाणचं कोष्टक आणि पाण्याच्या चढ-उताराचा आलेख बघा. कोष्टकातली वेळ स्थानिक आहे की नाही, उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात अशा देशात तो तास धरलेला आहे की नाही, तेही तपासा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती यांत पाण्याच्या चढ-उताराचा आणि प्रवाहाच्या जोराचा मोठा फरक असतो. सफरीचा दिवस निवडताना हा फरक तुमच्या हातात आहे. पहिल्या सफरीला भांग निवडा: प्रवाह मंद, चूक झाली तरी ढकललं जाणं कमी. मात्र भांगात भरती पुरती चढत नाही, त्यामुळे पट्ट्यावरचं पाणी त्या दिवसाच्या आकड्यांनी पुन्हा मोजा.

प्रवाहाबद्दल जरा थांबून लिहितो, कारण चार्टप्लॉटर वापरणारे नवशिके इथेच फसतात. ५ नॉटने चालणाऱ्या बोटीला दीड नॉटचा आडवा प्रवाह लागला, तर चार तासांत ती सहा मैल बाजूला जाते. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, मात्र सगळा वेळ बरोबर ठरलेल्या दिशेला असते, म्हणून सुकाणूवरच्या माणसाला काही बिघडल्याची शंकाही येत नाही. तो पडद्याकडे बघतो, पुढच्या बिंदूकडे पुन्हा नाळ वळवतो, थोड्या वेळाने पुन्हा वळवतो. बोट सरळ रेषेऐवजी कमानीसारख्या वाकड्या मार्गाने जाते आणि त्या कमानीच्या पोटात काय आहे ते कुणी नकाशावर पाहिलेलं नसतं. नाळेची दिशा आणि बोटीची जमिनीवरची खरी वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर त्या वेगळ्या आकड्यांनी दाखवलेल्या असतात. त्यांतला फरक म्हणजे प्रवाह आणि वाऱ्याचा रेटा. तेवढ्या दीड नॉटच्या प्रवाहाला तोंड देऊन रेषेवर राहायचं तर नाळ सतरा-अठरा अंश प्रवाहाकडे वळवून ठेवावी लागेल.

पण लांबच्या पल्ल्यावर दर तासाला असं भांडणंही चुकीचं. २२ तासांत भरतीचा प्रवाह साधारण सहा-सहा तासांनी पालटतो: एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. जाणता माणूस निघण्याआधीच तासातासाचे प्रवाह कागदावर मांडतो, त्यांची बेरीज-वजाबाकी करतो, उरलेल्या निव्वळ ढकलीपुरती दुरुस्ती करतो आणि एकच दिशा धरून चालतो. बोट रेषेच्या दोन्ही बाजूंना झुलते, पण अंतर कमी कापावं लागतं. याला अट एकच: झुलण्याच्या त्या पट्ट्यात खडक, जाळी किंवा उथळ जागा नाही हे नकाशावर बघून ठेवलेलं असलं पाहिजे. अशा वेळी चार्टप्लॉटर ‘रेषेवरून सरकलात’ म्हणून सारखा ओरडत राहील, आणि आपण बरोबर आहोत हे तुम्हाला ठाऊक असेल.

आता ठिपक्यावरच्या विश्वासाबद्दल. २९ नोव्हेंबर २०१४च्या रात्री व्होल्वो ओशन रेस या शिडाच्या बोटींच्या जगाभोवतीच्या शर्यतीतली टीम वेस्टास विंडची बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराहोस या प्रवाळ बेटांच्या रांगेवर सुमारे १९ नॉटच्या वेगाने चढली. बोटीवरचे खलाशी जगातल्या उत्तम व्यावसायिकांपैकी होते आणि बोटीवरचे नऊही जण वाचले. जीपीएस चालू होता, ठिपका बरोबर होता. नकाशातही प्रवाळ होतं, पण त्यांनी ज्या प्रमाणावर नकाशा उघडला होता त्या प्रमाणावर ते धोक्याच्या रूपात दिसत नव्हतं. इलेक्ट्रॉनिक नकाशा दूरून बघताना गर्दी कमी करण्यासाठी तपशील गाळतो. बोटीच्या आडवं येणारं बेट त्या गाळणीत हरवू शकतं. म्हणून तुमचा संपूर्ण ११० मैलांचा मार्ग घरी बसून सर्वात मोठ्या प्रमाणावर, म्हणजे जास्तीत जास्त जवळून, इंच-इंच सरकवत, रेषेच्या दोन्ही बाजूंना काही मैल बघून काढा. तासभर लागेल. तो तास कुणीतरी एकट्याने द्यायचा नाही. दोघांनी वेगवेगळा बघायचा आणि खुणा ताडून घ्यायच्या.

याच्या उलटी गोष्ट ८ सप्टेंबर १९२३ची. अमेरिकन नौदलाच्या विनाशिका सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन दिएगोकडे एकामागोमाग २० नॉटने चालल्या होत्या. रात्र, धुकं. पुढच्या जहाजावर वेग, वेळ आणि दिशा यांवरून अंदाजाने जागा काढली जात होती. त्या काळी नव्याने आलेल्या रेडिओ दिशाशोधनाने ‘तुम्ही अजून उत्तरेला आहात’ असं सांगितलं. त्यावर अधिकाऱ्यांचा विश्वास बसला नाही. खोली मोजायची तर वेग कमी करावा लागला असता, म्हणून तीही मोजली नाही. सांता बार्बराच्या सामुद्रधुनीत शिरतो आहोत असं समजून ताफा वळला आणि होंडा पॉइंटच्या खडकांवर गेला. सात विनाशिका कायमच्या गमावल्या, २३ खलाशी मेले.

एका घटनेत नव्या साधनावर पूर्ण भिस्त, दुसऱ्यात जुन्या रीतीवर. दोन्हीकडे चूक तीच झाली: एकाच स्रोतावर विसंबून राहिले आणि दुसऱ्याकडून पडताळा घेतला नाही. म्हणून ‘जुनं खरं की नवं’ या वादात मला रस नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की जमीन जवळ असताना बोटीची जागा कमीत कमी दोन वेगळ्या मार्गांनी कळली पाहिजे. हे मार्ग एकमेकांवर अवलंबून नसावेत. चार फोन आणि एक चार्टप्लॉटर ही पाच साधनं नव्हेत. सगळी त्याच उपग्रहांवर चालतात. संकेतांत ढवळाढवळ झाली तर पाचही एकदम चुकतात. जून २०१७मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळच्या जहाजांचे जीपीएस ती जहाजं गेलेंजिकच्या विमानतळावर असल्याचं दाखवत होते. शिवाय दूरच्या किनाऱ्यांचे काही नकाशे फार जुन्या मोजणीवर उभे आहेत. तिथे ठिपका अचूक आणि खडकच नकाशावर चुकीच्या जागी, असंही होतं. मोजणी किती भरवशाची आहे ते नकाशावरच एका छोट्या आकृतीत किंवा ए१पासून डीपर्यंतच्या श्रेणींत दिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय खडकाला किती जवळून जायचं हे ठरवू नका.

मग दुसरा मार्ग कोणता? सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित म्हणजे एको साउंडर, आवाजाच्या लहरींनी पाण्याची खोली मोजणारं यंत्र. तुम्ही आहात असं वाटतं तिथे नकाशावर भरतीसकट १८ मीटर पाणी हवं आणि यंत्र ९ दाखवतंय, तर तुम्ही तिथे नाही. वाद संपला; थांबा, जिथून आलात तिकडे वळा, मग शोधा. दुसरी रीत दोन खुणा एका रेषेत आणण्याची. मागचं दीपगृह आणि पुढचा मनोरा एकावर एक दिसले की तुम्ही नक्की त्या रेषेवर आहात. यंत्र नाही, गणित नाही, चूक होण्याची जागाच नाही. तिसरी, हातातल्या होकायंत्राने दोन-तीन खुणांच्या दिशा घेऊन नकाशावर रेषा मारणं. तीन रेषा एका बिंदूत क्वचितच भेटतात, छोटा त्रिकोण होतो. त्रिकोण मोठा आला तर एखादी खूण ओळखण्यात किंवा दिशा घेण्यात चूक झाली आहे.

आणि एक युक्ती, जी मी प्रत्येकाकडून घोटून घेतो: दिशेची मर्यादा. समजा तुम्ही उत्तरेकडे बंदरात शिरता आहात, समोर दीपगृह आहे, डाव्या हाताला बुडालेले खडक आहेत. नकाशावर दीपगृहापासून खडकांना सुरक्षित अंतर ठेवून बाजूने जाणारी रेष मारा. ती १५ अंशांची आली असं धरू. आता सुकाणूवरच्या माणसाला एकच वाक्य सांगायचं: दीपगृह १५ अंशांपेक्षा जास्त दिशेला दिसायला लागलं तर उजवीकडे वळ. बोट डावीकडे, खडकांकडे सरकली की हा आकडा वाढतो. त्याला आपण नेमके कुठे आहोत हे कळायची गरजच उरत नाही. तो धोक्याच्या बाहेर आहे एवढं पुरतं. रात्री, थकलेल्या माणसाला हे पेलतं.

होकायंत्र मात्र तपासून घ्या. नकाशावरची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांत फरक असतो. तो ठिकाणानुसार आणि वर्षानुसार बदलतो आणि नकाशावरच्या दिशाचक्रात छापलेला असतो. त्याखेरीज बोटीतलं लोखंड आणि विजेच्या तारा काटा ओढतात. सर्वात जास्त गोंधळ घालतो तो कुणीतरी सहज होकायंत्राशेजारी ठेवलेला फोन किंवा स्पीकर. एका अंशाची चूक ६० मैलांत साधारण एक मैल होते. १० अंशांची चूक तुमच्या ११० मैलांवर दुसऱ्याच खाडीच्या तोंडाशी नेऊन सोडेल.

दिवे आणि बोये (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) यांचं ज्ञान पाठांतराचं आहे, ते लवकर होतं, पण अर्धवट नको. बाहेरून बंदरात शिरताना जगाच्या बहुतेक भागांत लाल बोया डाव्या हाताला ठेवतात. उत्तर-दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये उजव्या हाताला. दुसऱ्या भागात शिकलेला माणूस इथे सवयीने चुकतो. दिवा किती लांबून दिसेल हेही आधी काढता येतं: उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला सुमारे २.०८ने गुणा, क्षितिजापर्यंतचं अंतर सागरी मैलांत मिळतं. ३६ मीटर उंच दीपगृहासाठी साडेबारा मैल, पाण्यापासून २ मीटर उंच तुमच्या डोळ्यांसाठी जवळजवळ तीन मैल, मिळून पंधरा-साडेपंधरा. दिवा तेवढा तेजस्वी आणि हवा स्वच्छ असेल तर त्या अंतरावर तो क्षितिजावर उगवेल. ठरल्या वेळी उगवला तर बेत बरोबर चालला आहे. नाही उगवला, तर जमीन अजून दिसत नसताना, वेळ हातात असताना तुम्हाला प्रश्न पडेल. सगळ्या तयारीचा उपयोग हाच.

मोठ्या जहाजांकडे आता वळतो. २० नॉटने येणारं जहाज तीन मिनिटांत एक मैल कापतं. आठ मैलांवर पहिल्यांदा दिसलेलं आणि तुमच्याकडेच येणारं जहाज, तुमचे ५ नॉट धरून, वीसएक मिनिटांत तुमच्यावर असेल. दर काही मिनिटांनी होकायंत्राने त्याची दिशा घ्या. दिशा बदलत नाही आणि अंतर कमी होतं आहे, म्हणजे टक्कर ठरलेली आहे. रात्री त्याचा लाल आणि हिरवा दिवा दोन्ही दिसत असतील आणि वरचे दोन पांढरे दिवे एकावर एक असतील, तर त्याचं तोंड सरळ तुमच्याकडे आहे. १९७२च्या टक्करविरोधी नियमांत यंत्रावर चालणाऱ्या जहाजाने शिडाच्या बोटीला वाट द्यावी असं आहे खरं. पण त्याच नियमांत अरुंद चॅनेलमध्ये आणि वाहतूक विभाजनाच्या मार्गांत (जाणाऱ्या आणि येणाऱ्या जहाजांसाठी आखलेल्या वेगळ्या पट्ट्यांत) शिडाच्या बोटीने मोठ्या जहाजाची वाट अडवू नये असंही आहे. अर्धा नियम पाठ असलेला माणूस सर्वात धोकादायक. तुमच्या मार्गावर असा विभाजित मार्ग आहे का ते बघा. असेल तर ओलांडताना नाळ त्याला काटकोनात ठेवा, प्रवाह बाजूला ढकलत असला तरी. एआयएसवर, म्हणजे जहाजं आपली ओळख आणि जागा रेडिओने कळवतात त्या यंत्रणेवर, सगळं दिसेल असंही समजू नका. मासेमारीच्या अनेक लहान बोटींवर ते नसतं आणि जाळ्यांवर तर नसतंच. पहारा डोळ्यांचाच लागतो.

घाबरलेली माणसं किनाऱ्याकडे पळतात. ही सर्वात मोठी भीती मला नवशिक्यांबद्दल वाटते, त्यांच्या अज्ञानापेक्षाही जास्त. वारा वाढला, कुणाला उलट्या होऊ लागल्या, अंधार झाला की वाटतं, जवळचं कुठलंही बंदर गाठू. खोल पाण्यात, किनाऱ्यापासून दूर, मजबूत बोट बरंच सोसते. वारा ज्या किनाऱ्यावर ढकलतो आहे त्या किनाऱ्यावरच्या अनोळखी, उथळ तोंडात, ओहोटीचा लोंढा वाऱ्याच्या विरुद्ध बाहेर पडत असताना, तीच बोट काही मिनिटांत फुटते. वाऱ्याच्या विरुद्ध प्रवाह आला की लाटा उभ्या, जवळजवळ आणि फुटणाऱ्या होतात. जे तोंड सकाळी आरशासारखं होतं ते सहा तासांनी ओलांडण्याजोगं नसतं. तेव्हा अनोळखी बंदरात रात्री शिरायचं नाही, हा नियम चौघांनी आत्ताच मान्य करा. लवकर पोहोचलात तर बाहेर, भरपूर पाण्यात, पुढचं शीड उलट्या बाजूला बांधून आणि सुकाणू वाऱ्याकडे वळवण्याच्या बाजूला धरून बोट जवळजवळ थांबवता येते. याला हीव्ह टू म्हणतात. तुमची बोट असं कशी थांबते, थांबल्यावर तासाला किती आणि कुठे सरकते, हे खाडीत बघून ठेवा. पहाटेपर्यंत असं थांबणं नवशिक्यांना पराभवासारखं वाटतं. मला विचाराल तर ते उत्तम खलाशीपणाचं लक्षण आहे.

मार्गावर कुठे-कुठे आसरा घेता येईल तेही आधीच ठरवा. प्रत्येक पर्यायी बंदरासाठी लिहा: कोणत्या वाऱ्यात तिथे शिरता येईल, कोणत्या वाऱ्यात येणार नाही, किती वाजता पाणी पुरेल. १९९९च्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या ठरावात सफरीच्या नियोजनाचे चार टप्पे सांगितले आहेत: माहिती गोळा करून तोलणं, बेत आखणं, तो अमलात आणणं आणि वाटेत सतत पडताळणं. तो सगळ्याच जहाजांसाठी आहे, म्हणून तीस फुटी बोटीलाही तितकाच लागू पडतो. तुमच्या बेतात आत्ता फक्त तिसरा टप्पा आहे.

आता काय करायचं. सेक्स्टंटच्या (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून जागा काढायच्या यंत्राच्या) मागे लागू नका. किनाऱ्यालगतच्या सफरीला त्याची गरज नाही. तुमच्या भागाचा कागदी नकाशा, भरतीची कोष्टकं, प्रवाहाचा तक्ता, समांतर पट्टी किंवा प्लॉटर (नकाशावर दिशा मोजायची पट्टी), अंतर मोजायचा कंपास आणि मऊ पेन्सिल घ्या. चौघांनीही शिका, एकट्याने नव्हे, कारण जो शिकेल तोच नेमका आजारी पडेल. शक्य असेल तर किनारी नेव्हिगेशनचा रीतसर वर्ग करा. मग ओळखीच्या पाण्यात, दिवसाउजेडी, चार्टप्लॉटरच्या पडद्यावर टॉवेल टाकून दहा-बारा मैलांची फेरी मारा. एकाने टॉवेलखाली डोकावून सुरक्षिततेवर लक्ष ठेवायचं, पण बाकीच्यांना काही सांगायचं नाही. दर अर्ध्या तासाला नकाशावर स्वतः काढलेली जागा मांडा आणि शेवटी यंत्राच्या नोंदीशी जुळवा. पहिल्यांदा फरक मोठा येईल, तो का आला हे शोधण्यातच खरं शिक्षण आहे. फरक लहान व्हायला लागला की हेच रात्री, ओळखीच्याच पाण्यात करा. रात्री अंतरांचा अंदाज पार बदलतो आणि शहराच्या उजेडात बोयाचा दिवा हरवतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. त्यानंतर ३०-४० मैलांची एक मधली सफर, आणि मगच तुमचे ११० मैल.

प्रत्यक्ष सफरीत दर तासाला वहीत वेळ, लॉगवरचं (बोटीने कापलेलं अंतर मोजणाऱ्या यंत्रावरचं) अंतर, धरलेली दिशा, हवेचा दाब आणि जागा लिहा, जीपीएस चालू असला तरीही. वीज गेली तर तासाभरापूर्वीची खात्रीची जागा हातात असते आणि तिथून वेग गुणिले वेळ करत पुढे जाता येतं. नोंद नसेल तर तुम्ही हरवलेले आहात.

संकटाच्या साधनांबद्दल थोडक्यात. डोलकाठीच्या टोकावर अँटेना असलेला व्हीएचएफ रेडिओ (बोटींमधला बिनतारी संच) हवा, त्याला जीपीएस जोडलेला आणि संकटाचं बटण कसं दाबायचं ते चौघांना माहीत असलेलं. संकटाच्या हाकांचं चॅनेल १६ सतत चालू ठेवा. मोबाइल त्याची जागा घेऊ शकत नाही, किनाऱ्यापासून थोडं दूर गेलं की त्याला नेटवर्क मिळेलच असं नाही. ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब (उपग्रहामार्फत संकटाचा संकेत पाठवणारं यंत्र) घेतला तर तो तुमच्या बोटीच्या नावावर नोंदवा. पण ही सगळी मदत बोलावण्याची साधनं आहेत आणि मदत यायला वेळ लागतो. फुटणाऱ्या लाटांत खडकावर अडकलेल्या बोटीला तेवढा वेळ नसतो. किनाऱ्यावरच्या एका भरवशाच्या माणसाकडे तुमचा बेत लेखी द्या: मार्ग, पर्यायी बंदरं, पोहोचण्याची वेळ, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर तटरक्षकांना कळवायचं.

हे सगळं झाल्यावर बेताचा कागद एखाद्या जाणत्या तांडेलाला दाखवा आणि त्याला सवड असेल तर पहिल्या खेपेला बोटीवर घ्या. पण त्याच्या हाती सुकाणू आणि पेन्सिल देऊ नका. जागा तुम्ही मांडायची, पाणी तुम्ही मोजायचं, शिरायचं की थांबायचं हे तुम्ही ठरवायचं. तो बघत राहील आणि चूक दिसली तरच बोलेल, असं त्याच्याशी निघण्याआधी ठरवून घ्या.